एकच पंप-कंट्रोलर, चार वेगळे प्रोसेसर: ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया कसा घालावा?

उद्यमबाग_पॅनेल (बेळगाव)

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत आमचा छोटा कारखाना आहे. आम्ही शेतीपंपांसाठी स्टार्टर पॅनेल आणि त्यात बसणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बनवतो. चिकोडी, रायबाग, अथणी आणि निपाणी भागांतील ऊस उत्पादक शेतकरी हे आमचे मुख्य ग्राहक. तिन्ही फेज आल्या आहेत का आणि त्यांचा क्रम बरोबर आहे का हे पाहून मोटर सुरू करणे, एखादी फेज गेल्यास कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच) ताबडतोब सोडणे, विहिरीचे पाणी संपून मोटर कोरडी चालू लागली तर करंट उतरल्यावरून ते ओळखून ती बंद करणे आणि या सर्वांची खबर शेतकऱ्याच्या मोबाइलवर देणे, एवढे त्या कंट्रोलरचे काम आहे. शेतीला थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते, त्यामुळे त्या वेळेत कंट्रोलर अकारण थांबला तर शेतकऱ्याची पाण्याची पाळीच वाया जाते. हे ध्यानात घेऊनच मी हा प्रश्न विचारत आहे.

आमची पहिली आवृत्ती एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरवर आणि फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर लिहिलेली आहे. २०२१च्या चिपटंचाईत तो मिळेनासा झाल्यावर आम्ही त्याच पिनरचनेचा जीडी३२एफ१०३ बसवला. पुढे कमी किमतीच्या मॉडेलसाठी एसटीएम३२जी० आला, आणि वायफायची मागणी असलेल्या मॉडेलसाठी आता ईएसपी३२-सी३वर काम चालू आहे. म्हणजे प्रोसेसरचा गाभा (कोअर) पाहिला तर एआरएमचे दोन कॉर्टेक्स-एम३, एक कॉर्टेक्स-एम०+ आणि एक रिस्क-फाइव्ह अशी चार चिपांची यंत्रणा एकाच उत्पादनाच्या नावाखाली विकली जाते. प्रत्येक बोर्डावर रिले (कॉन्टॅक्टर चालवणारा छोटा स्विच), आरएस-४८५ची (उपकरणांना तारजोडीवरून बोलते करणारी) जोडणी आणि डिस्प्लेही थोडे वेगळे आहेत. हे सगळे वेगळेपण आज मूळ प्रोग्रॅममध्ये जागोजागी ‘इफडेफ’च्या (प्रोग्रॅम तयार होताना ओळी घेणाऱ्या किंवा वगळणाऱ्या) अटी घालून सांभाळले जाते. एका बोर्डासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या बोर्डावर वेगळीच वागते आणि नवीन आलेल्या मुलाला कोणती ओळ कोणत्या बोर्डावर चालते हे सांगणे कठीण होऊन बसले आहे.

जाणकारांनी पुढील गोष्टींवर मार्गदर्शन करावे. फ्रीआरटीओएस ठेवून हार्डवेअरचा वेगळा थर आम्ही स्वतः लिहावा, की झेफायरसारख्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळावे? हार्डवेअर आणि मूळ प्रोग्रॅम यांच्यातील सीमारेषा नेमकी कोठे आखावी? बोर्डांमधला फरक प्रोग्रॅम तयार करतानाच ठरवून टाकावा, की बोर्ड सुरू झाल्यावर त्याने तो ओळखावा?

---

मार्कंडेय_काठ (बेळगाव)

आपण ज्याला एक अडचण म्हणून मांडले आहे, त्यात तीन निरनिराळ्या अडचणी एकत्र आलेल्या दिसतात. त्या आधी एकमेकींपासून वेगळ्या करून घ्याव्यात. कोअरचा फरक, चिपचा फरक आणि बोर्डाचा फरक हे तीन स्वतंत्र फरक आहेत आणि त्यांची जागाही स्वतंत्र असायला हवी. ही विभागणी नवी नाही. ईकॉस या जुन्या एम्बेडेड ऑपरेटिंग सिस्टिमने आपला हार्डवेअर थर आर्किटेक्चर, व्हेरियंट आणि प्लॅटफॉर्म अशा तीन भागांत विभागला होता, आणि आजच्या बहुतेक व्यवस्था थोड्याफार फरकाने त्याच वाटेने जातात.

कोअरच्या फरकाची चिंता आपण स्वतः फारशी करू नये. टास्क बदलताना रजिस्टर (चिपमधील छोटे स्मृतिकप्पे) कसे जपावेत, टिक (वेळेचा ठोका) कोठून घ्यावा, इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचे काम करायला लावणारे संकेत) कसे थोपवावेत हे फ्रीआरटीओएसच्या ‘पोर्टेबल’ फोल्डरमधील त्या त्या पोर्टने (त्या कोअरसाठी लिहिलेल्या भागाने) आधीच सोडवलेले आहे. आपली खरी डोकेदुखी त्याच्या वरच्या पायरीवर, म्हणजे चिपमधील उपकरणांत आहे, आणि तेथे कोअर सारखा असणे किंवा उत्पादक सारखा असणे यावरून काहीच ठरत नाही. एसटीएम३२एफ१०३मध्ये जीपीआयओची (साध्या पिनांची) दिशा सीआरएल आणि सीआरएच या रजिस्टरांत ठरते, तर त्याच कंपनीच्या जी० मालिकेत मोडर, ओटायपर अशी संपूर्ण निराळी रजिस्टरे आहेत. आयटूसी या दोन तारांच्या संवादमार्गाचेही तसेच आहे: एफ१ मालिकेतील आयटूसी आणि जी० मालिकेतील आयटूसी यांची रचना इतकी भिन्न आहे की झेफायरमध्ये त्यांच्यासाठी ‘व्ही१’ आणि ‘व्ही२’ असे दोन वेगळे ड्रायव्हर (उपकरण चालवणारे प्रोग्रॅम) ठेवावे लागले. याच्या उलट, जीडी३२व्हीएफ१०३ या चिपचा कोअर रिस्क-फाइव्ह असूनही तिच्यातील बहुतांश उपकरणे जीडी३२एफ१०३ या एआरएम चिपसारखीच आहेत. त्यामुळे ‘एआरएमसाठी हे, रिस्क-फाइव्हसाठी ते’ अशी अट ड्रायव्हरमध्ये घालणे मुळातच चुकीच्या जागी बोट ठेवणे आहे. ड्रायव्हरने अट घालायचीच असेल तर ती उपकरणाच्या जातीवर घालावी.

आता सीमारेषेबद्दल. बहुतेक जण ती ‘पिन उंच करा, पिन खाली करा’ या पातळीवर आखतात. माझ्या मते ती आपल्या उत्पादनाच्या अर्थावर आखली पाहिजे. आरएस-४८५चेच उदाहरण घ्या. एकाच जोडीवर बोलणे आणि ऐकणे असल्यामुळे पाठवण्यापूर्वी ट्रान्सीव्हरची (तारेवर संकेत सोडणाऱ्या-घेणाऱ्या चिपची) ड्रायव्हर-एनेबल पिन चढवावी लागते आणि शेवटचा बिट बाहेर पडल्यावरच ती उतरवावी लागते. एफ१०३मध्ये ही पिन सांभाळण्याची सोय यूएआरटीमध्ये (चिपमधील सीरियल संवादाच्या भागात) नाही, म्हणून ट्रान्समिशन पूर्ण झाल्याचा टीसी इंटरप्ट येईपर्यंत थांबून ती प्रोग्रॅमने उतरवावी लागते. तेथे ‘बफर रिकामा झाला’ हा टीएक्सई संकेत वापरला तर शेवटचे अक्षर अर्धवट तुटते. जी०मध्ये हेच काम यूएआरटी स्वतः करते आणि ईएसपी३२-सी३मध्येही आरएस-४८५चा हाफ-डुप्लेक्स मोड आहे. जर आपल्या मूळ प्रोग्रॅममध्ये पिन चढवणे-उतरवणे लिहिलेले असेल, तर ज्या दोन चिपना त्याची गरजच नाही त्यांच्यावरही ते ओझे पडते आणि तेथूनच अटींचे जाळे सुरू होते. त्याऐवजी सीमा ‘ही फ्रेम (एक पूर्ण संदेश) पाठवा आणि बस (सामायिक तारजोडी) मोकळी करा’ अशी असेल, तर प्रत्येक चिपचा ड्रायव्हर आपल्या परीने ते पार पाडेल आणि वरच्या प्रोग्रॅमला काही कळण्याची आवश्यकता राहणार नाही.

डिस्प्लेलाही हाच नियम लावावा, कारण आपल्या भागात तो विशेष महत्त्वाचा आहे. चिकोडी-निपाणीकडे पॅनेलवर मराठी सूचना हवी असते आणि अथणी-गोकाककडे कन्नड. सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा जो डिस्प्ले आपण स्वस्त मॉडेलला लावत असाल, त्याच्या एचडी४४७८० पद्धतीच्या कंट्रोलरमध्ये देवनागरी किंवा कन्नड अक्षरे नसतात. स्वतःची अशी केवळ आठ चिन्हे त्यात भरता येतात. १२८ गुणिले ६४ ठिपक्यांच्या ओएलईडीवर मात्र दोन्ही लिप्या चित्ररूपाने दाखवता येतात. तेव्हा मूळ प्रोग्रॅमने वाक्य पाठवू नये. त्याने ‘फेज गेली’, ‘पाणी संपले’ असा संदेशक्रमांक पाठवावा, आणि तो कोणत्या लिपीत किंवा कोणत्या खुणेने दाखवायचा हे त्या बोर्डाच्या डिस्प्ले-थराने ठरवावे.

बोर्डाचा फरक, म्हणजे कोणता रिले कोणत्या पिनवर आहे, तो संकेत शून्य असताना लागतो की एक असताना, करंट ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तर किती, ही सर्व माहिती आहे. ती तर्क नाही. म्हणून ती प्रोग्रॅमच्या ओघात विखुरलेली नसावी, तर प्रत्येक बोर्डाच्या एकाच वर्णन-फायलीत असावी. झेफायरमध्ये हे वर्णन डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या मजकुराच्या) स्वरूपात लिहितात आणि प्रोग्रॅम तयार होताना त्यातून सी भाषेची मॅक्रो निर्माण होतात, म्हणजे चालत्या चिपवर त्याचा भार पडत नाही. संकेत उलटा आहे ही गोष्ट तेथे पिनच्या वर्णनातच लिहिली जाते आणि वरचा प्रोग्रॅम फक्त ‘रिले लावा’ म्हणतो. नवा प्रकल्प असता, तर मी निःसंकोचपणे झेफायर सुचवले असते. आपल्या बाबतीतही माझा कल तिकडेच आहे.

मात्र काही फरक असे आहेत की ते कोणत्याही थराखाली दडवू नयेत. कॉर्टेक्स-एम०+मध्ये बेसप्राय रजिस्टर नसते. त्यामुळे फ्रीआरटीओएस आपला नाजूक भाग (मध्येच व्यत्यय चालत नाही असा कोड) सांभाळताना एम३वर ठरावीक पातळीखालचेच इंटरप्ट थोपवू शकते, पण एम०+वर ते सर्वच इंटरप्ट थांबवते. फेज मोजणारा आपला इंटरप्ट एम३वर कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) वरच्या पातळीवर निर्धास्त चालत असेल, तर जी०वर तो काही काळ ताटकळेल. हा वेळेचा हिशोब ज्याने त्याने उघडपणे मांडायलाच हवा.

---

खानापूर_फर्मवेअर (खानापूर)

वरील उत्तरातील विभागणी मला पूर्ण मान्य आहे, पण झेफायरकडे वळण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, निदान या टप्प्यावर तरी नाही. अनेक तालुक्यांतील शेतांत पसरलेले, चालू असलेले उत्पादन आणि ते सांभाळणारी चार-दोन माणसे, अशा ठिकाणी ऑपरेटिंग सिस्टिम बदलणे म्हणजे ज्या भागात काहीही दोष नाही तो भागही नव्याने तपासत बसणे. शेड्यूलर, क्यू, टायमर या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गोष्टी आपल्याकडे बिनतक्रार चालतात. दुखणे ड्रायव्हरांत आणि बोर्डांच्या माहितीत आहे, तर उपचारही तेवढ्यापुरताच असावा.

माझा सुचवलेला मार्ग असा. प्रत्येक बोर्डासाठी एक स्थिर रचना, म्हणजे सी भाषेतील ‘कॉन्स्ट स्ट्रक्ट’, तयार करावी. तिच्यात पिन, संकेताची दिशा, गुणोत्तरे आणि ड्रायव्हरच्या फंक्शनांचे पत्ते असावेत. कोणती रचना घ्यायची हे बिल्डच्या वेळी एकाच ठिकाणी ठरावे. मग मूळ प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये एकही ‘इफडेफ’ राहू नये, असा नियम करून तो बिल्डमध्येच तपासावा. चिप-उत्पादकाची लायब्ररीची फाइल मूळ प्रोग्रॅममध्ये ‘इन्क्लूड’ झाली की बिल्डच थांबेल अशी व्यवस्था केली, तर शिस्त माणसांच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. सुरुवातीला फक्त चार गोष्टी या थराखाली न्याव्यात: रिले, करंट-व्होल्टेजचे मोजमाप, आरएस-४८५ आणि डिस्प्ले. एसपीआय, आयटूसी या संवादमार्गांसाठी सर्वसमावेशक इंटरफेस लिहिण्याच्या मोहात पडू नये. ज्या फरकाची दोन खरी उदाहरणे हातात नाहीत, त्याच्यासाठी लिहिलेला इंटरफेस तिसरे उदाहरण आल्यावर हमखास मोडतो.

सीएमएसआयएस या एआरएमच्या सामायिक सॉफ्टवेअर-मानकाकडूनही अवाजवी अपेक्षा ठेवू नये. एआरएमने २००८मध्ये ते आणले तेव्हापासून कोअरमधील एनव्हीआयसी (इंटरप्टचा नियंत्रक), सिस्टिक (टिकचा टायमर) वगैरे गोष्टी सर्व उत्पादकांच्या कॉर्टेक्स-एममध्ये एकाच नावांनी हाताळता येतात, हा मोठाच लाभ आहे, पण त्या सामायिक नावांमुळे चिपमधील यूएआरटी किंवा एडीसी (व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग) सारखे होत नाहीत, आणि रिस्क-फाइव्हला तर ते लागूच नाही.

‘आमच्याकडे सगळीकडे फ्रीआरटीओएसच आहे’ या वाक्यावरही विसंबू नका. ईएसपी-आयडीएफ या ईएसपी३२च्या विकास-संचातील फ्रीआरटीओएस ही उत्पादकाने बदललेली आवृत्ती आहे. मूळ फ्रीआरटीओएसमध्ये टास्क तयार करताना स्टॅकचा (टास्कच्या तात्पुरत्या स्मृतीचा) आकार शब्दांत, म्हणजे या ३२-बिट कोअरांवर चार-चार बाइटच्या एककात द्यायचा असतो, पण ईएसपी-आयडीएफमध्ये तो बाइटमध्ये द्यावा लागतो. एसटीएम३२वर २५६ लिहिले की १,०२४ बाइट मिळतात आणि तीच ओळ सी३वर गेली की फक्त २५६ बाइट मिळतात. प्रोग्रॅम कुरकुर न करता तयार होतो आणि पहिल्याच खोल फंक्शनमध्ये स्टॅक ओलांडला जातो. म्हणून टास्क तयार करण्याची क्रियासुद्धा आपल्या थरातून बाइटच्या हिशोबाने व्हावी.

आरएस-४८५वर चालणाऱ्या मॉडबस या संवादपद्धतीच्या फ्रेमचेही एक सांगणे आवश्यक आहे. मॉडबस आरटीयूच्या उत्तरात पत्ता, फंक्शन क्रमांक आणि बाइटसंख्या असे तीन बाइट आधी येतात आणि १६-बिट मूल्ये चौथ्या बाइटपासून सुरू होतात. म्हणजे बफर सम पत्त्यावर असेल, तर मूल्ये विषम पत्त्यावर पडतात. तेथे थेट १६-बिट पॉइंटर लावून वाचणारा कोड कॉर्टेक्स-एम३वर चालून जातो, पण एम०+ असे वाचन स्वीकारत नाही आणि हार्डफॉल्टमध्ये (प्रोग्रॅम थांबवणाऱ्या दोष-स्थितीत) जातो. शिवाय मॉडबसमध्ये वरचा बाइट आधी येतो, तर आपले चारही प्रोसेसर खालचा बाइट आधी ठेवतात. यावर उपाय साधा आहे: दोन बाइट स्वतंत्रपणे वाचून जोडणारे एक छोटे फंक्शन लिहावे आणि सर्व ठिकाणी तेच वापरावे. असा कोड कोणत्याही कोअरवर सारखाच चालतो आणि त्यासाठी कोणत्याही थराची गरज पडत नाही. हार्डवेअरची विविधता सांभाळण्याचे निम्मे काम अशा तटस्थ कोडने होते, असा माझा अनुभव आहे.

वॉचडॉगचाही (प्रोग्रॅम अडकला तर चिप पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरचा) वेळ प्रत्येक चिपनिहाय काढावा. एफ१०३चा स्वतंत्र वॉचडॉग साधारण ४० किलोहर्ट्झच्या अंतर्गत घड्याळावर चालतो, जी०चा ३२ किलोहर्ट्झच्या. ६४चा प्रीस्केलर (घड्याळाचा भाजक) आणि २,५०० ही मोजणी ठेवली, तर एकीकडे ४ सेकंद मिळतात आणि दुसरीकडे ५. एफ१०३चे ते घड्याळ डेटाशीटनुसार ३०पासून ६० किलोहर्ट्झपर्यंत कोठेही असू शकते, हे लक्षात घेतले तर काही नगांवर वॉचडॉग पावणेतीन सेकंदांच्या आतच वाजेल. म्हणून वरच्या थराने ‘किमान इतके मिलिसेकंद’ एवढेच मागावे आणि सर्वांत वेगवान घड्याळ गृहीत धरून मोजणी खालच्या थराने काढावी.

---

उद्यमबाग_पॅनेल (बेळगाव)

दोघांचेही मनापासून आभार. खानापूरच्या ताईंनी सांगितलेल्या स्टॅकच्या एककाची आम्ही आजच सी३च्या कोडमध्ये पडताळणी करत आहोत. तूर्त फ्रीआरटीओएसच ठेवावे आणि चार गोष्टी थराखाली न्याव्यात, हे आम्हाला पटले आहे.

आणखी दोन बाबी मांडतो. पहिली दुरुस्तीची. अथणीकडचा किंवा संकेश्वरचा तंत्रज्ञ जुना कार्ड काढून नवा बसवतो, तेव्हा आत कोणती चिप आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि ते त्याला ठाऊक असावे अशी अपेक्षाही रास्त नाही. चुकीचे फर्मवेअर चुकीच्या बोर्डावर जाऊन रिले उलट्या संकेताने लागू नये, यासाठी काय करावे? दुसरी बाब अशी की दूधगंगेच्या काठावरील एका उपसा सिंचन योजनेसाठी अनेक पंपांचे कंट्रोलर आरएस-४८५ने जोडून एका लिनक्स गेटवेवर (सर्वांची माहिती गोळा करणाऱ्या छोट्या संगणकावर) आणायचे आहेत. गेटवेसाठी घेतलेला बोर्ड पुढेमागे बाजारात मिळाला नाही, तर दुसरा बसवता यावा. त्या बाजूला हीच विभागणी कशी लागू होते?

---

निपाणी_लिनक्स (निपाणी)

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझे काम त्याच क्षेत्रात आहे.

यूएसबी किंवा पीसीआयवरील उपकरण स्वतःची ओळख सांगते. प्रोसेसरच्या पोटातील यूएआरटी, आयटूसीवरील घड्याळ किंवा जीपीआयओला जोडलेला रिले मात्र स्वतःची ओळख सांगू शकत नाही. कोणत्या पत्त्यावर काय बसले आहे हे कर्नलला कोणीतरी बाहेरून सांगावे लागते. एआरएम लिनक्समध्ये पूर्वी हे प्रत्येक बोर्डासाठी लिहिलेल्या सी भाषेतील ‘बोर्ड फाइल’ने होत असे. बूटलोडर (सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्रॅम) मशीनचा नोंदणीकृत क्रमांक आर१ रजिस्टरमध्ये ठेवी आणि कर्नल त्यावरून योग्य बोर्ड फाइल निवडी. बोर्ड वाढत गेले तसतशा फायली वाढत गेल्या, वेगवेगळ्या चिप-कंपन्यांच्या गटांनी तेच काम वेगवेगळ्या पद्धतीने केले, आणि २०११मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी या बेसुमार वाढीबद्दल जाहीरपणे तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमच्या विविध चिपांचे काम एकत्र आणणारी स्वतंत्र ‘एआरएम-एसओसी’ शाखा उभी राहिली आणि बोर्डांचे वर्णन डिव्हाइस ट्रीमध्ये हलवण्याला जोर आला.

डिव्हाइस ट्रीची कल्पना ओपन फर्मवेअरमधून आलेली आहे. त्याचे आयईईई १२७५ हे मानक १९९४चे. सन आणि पॉवरपीसी यंत्रांवर ती आधीपासून वापरात होती. एआरएमवर तिचा स्वीकार झाल्यावर २०१२च्या डिसेंबरमध्ये आलेल्या लिनक्स ३.७पासून अनेक कंपन्यांच्या एआरएम चिपवर चालणारा एकच कर्नल बांधणे शक्य झाले. आपल्या आजच्या अडचणीशी याचे साम्य पाहा: फरक तेवढेच राहिले, पण ते कर्नलच्या कोडमधून निघून वर्णनाच्या फाइलमध्ये गेले.

आपल्या गेटवेसाठी याचा प्रत्यक्ष अर्थ असा की आरएस-४८५ची दिशा सांभाळण्याची माहिती आपल्या प्रोग्रॅममध्ये लिहू नये. लिनक्समध्ये सीरियल पोर्टच्या डिव्हाइस ट्री नोंदीत आरएस-४८५ सुरुवातीपासून चालू ठेवण्याचा, आरटीएसचा (दिशा बदलणाऱ्या पिनचा) संकेत उलटा असल्याचा आणि आधी-नंतर किती विलंब ठेवायचा याचा गुणधर्म लिहिता येतो. मग वरचा मॉडबस प्रोग्रॅम कोणत्याही बोर्डावर न बदलता चालतो. पोर्टचे नावही प्रत्येक बोर्डावर वेगळे येते, म्हणून यूडेव्ह या लिनक्समधील उपकरणांना नाव देणाऱ्या सेवेच्या नियमाने त्याला ‘पंप-बस’ असे स्थिर नाव द्यावे आणि प्रोग्रॅमने तेच उघडावे. हे गुणधर्म त्या चिपच्या सीरियल ड्रायव्हरने मानले तरच लागू होतात, हे मात्र खरेदीपूर्वी तपासावे.

बोर्ड निवडताना मी एकाच गोष्टीचा आग्रह धरेन: त्याची चिप आणि त्याचे डिव्हाइस ट्री मूळ लिनक्स कर्नलमध्ये असले पाहिजे. उत्पादकाने दिलेल्या जुन्या, स्वतः बदललेल्या कर्नलवरच जो बोर्ड चालतो, त्याच्यावर पुढील सुरक्षा-दुरुस्त्या आणणे एका छोट्या कारखान्याच्या आवाक्याबाहेरचे असते. किंमत काही रुपयांनी कमी असली तरी असा बोर्ड सिंचन योजनेवर बसवू नये, कारण तेथील यंत्रणा अनेक वर्षे चालावी अशी अपेक्षा असते. पर्यायी बोर्ड आजच घेऊन त्यावरही तीच प्रणाली योक्टो किंवा बिल्डरूट या लिनक्स प्रणाली बांधण्याच्या साधनाने बांधून ठेवावी. योक्टोमध्ये बोर्डाचा थर आणि उत्पादनाचा थर वेगळे ठेवण्याची पद्धतच आहे, त्यामुळे आपल्या प्रोग्रॅमच्या रेसिपीला (बांधणीच्या कृतीला) बोर्डाचे नाव कळत नाही.

जाता जाता, जे रिस्क-फाइव्हकडे वळत आहेत त्यांच्यासाठी: सी-डॅक या सरकारी संगणन-संस्थेच्या वेगा मालिकेतील तेजस३२ ही चिप आणि तिच्यावरील एरिस बोर्ड आता शिकण्यासाठी उपलब्ध आहेत. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) महाविद्यालयांतील मुलांनी फ्रीआरटीओएसचा एखादा ड्रायव्हर एफ१०३ आणि तेजस३२ या दोन्हींवर लिहून पाहिला, तर या चर्चेतील बरेचसे मुद्दे त्यांना प्रत्यक्ष हाताखाली दिसतील.

---

मार्कंडेय_काठ (बेळगाव)

खानापूरच्या ताईंचा मुद्दा मला मान्य आहे. उत्पादन विक्रीत असताना फ्रीआरटीओएस ठेवणे हाच सावध मार्ग आहे. त्यांनी सुचवलेल्या रचनेतील माहिती नीट वेगळी झाली, तर ती उद्या डिव्हाइस ट्रीमध्ये उतरवणेही सोपे जाईल.

आता दुरुस्तीच्या प्रश्नाकडे. चारही प्रोसेसरांसाठी एकच फाइल करता येणार नाही, कारण एआरएमचा मशीन-कोड रिस्क-फाइव्हवर चालत नाही आणि एम३साठी बांधलेला कोडही एम०+वर चालेलच असे नाही. त्यामुळे तंत्रज्ञाच्या हातात एकच गठ्ठा द्यावा, ज्यात चारही प्रतिमा (फर्मवेअरच्या तयार फायली) असतील, आणि निवड साधनाने करावी. प्रत्येक प्रतिमेच्या सुरुवातीला बोर्डाचा क्रमांक, हार्डवेअरची आवृत्ती आणि चेकसम (मजकूर बिघडला नाही ना हे पाहणारा आकडा) असलेले शीर्ष असावे. बूटलोडरने स्वतःचा बोर्ड-क्रमांक त्याच्याशी जुळवून पाहावा आणि जुळला नाही तर प्रतिमा नाकारून जुन्यावरच चालत राहावे.

खरा धोका एफ१०३ आणि जीडी३२एफ१०३ यांच्यात आहे, कारण तेथे एकाची प्रतिमा दुसऱ्यावर चालून जाते आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. एफ१०३ची कमाल गती ७२ मेगाहर्ट्झ, तर जीडी३२एफ१०३ची १०८. दोघांच्या फ्लॅश वाचण्याच्या पद्धतीतही फरक आहे, त्यामुळे मोकळा लूप फिरवून काढलेले विलंब दोन्हींवर वेगळे पडतात. असे सर्व विलंब टायमरवर न्यावेत. चिप ओळखण्यासाठी डीबग विभागातील ओळख-रजिस्टर वाचण्याचा मार्ग सुचेल, पण त्यावर विसंबू नये. एफ१०३च्या मध्यम क्षमतेच्या चिपांत ते रजिस्टर प्रोग्रॅमने वाचले असता शून्य येते, हे उत्पादकाच्या इरॅटा-पत्रकातच (चिपमधील ज्ञात दोषांच्या यादीतच) नोंदवलेले आहे. त्यापेक्षा बोर्डावरच दोन रोधकांचा विभाजक ठेवून तो एडीसीच्या एका मोकळ्या पिनला जोडावा आणि प्रत्येक बोर्डासाठी वेगळे गुणोत्तर ठेवावे. एडीसीचा संदर्भ आणि विभाजकाचा पुरवठा एकच असला, तर व्होल्टेज थोडे खालीवर झाले तरी वाचन बदलत नाही. १ टक्का अचूकतेचे रोधक घेतले, तर आठ पातळ्या निर्विवादपणे वेगळ्या ओळखता येतात. वाचन ठरलेल्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत पडले, तर बोर्ड अनोळखी मानून मोटर सुरूच करू नये. सी३चे एडीसी एसटीएम३२इतके काटेकोर नसल्यामुळे त्या बोर्डासाठी पट्टे अधिक रुंद ठेवावेत किंवा क्रमांक फ्लॅशमधील राखीव भागात लिहावा.

रिलेच्या संकेताचा प्रश्न मात्र फर्मवेअरवर सोडू नये. रीसेटपासून बूटलोडर पिन ताब्यात घेईपर्यंतच्या काळात बहुतेक पिना इनपुट म्हणून तरंगत असतात, आणि त्या काळात कोणतेही वर्णन, कोणताही ड्रायव्हर अस्तित्वात नसतो. त्यामुळे रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरला रोधक लावून तो बंद स्थितीत खेचलेला असावा. पुढील आवृत्तीत सर्व बोर्डांवर ‘एक म्हणजे चालू’ हीच दिशा ठेवली, तर चुकीची प्रतिमा गेली तरी वीज येताच कॉन्टॅक्टर ओढला जाण्याची शक्यता पुष्कळ कमी होईल. काही विविधता सॉफ्टवेअरने सांभाळण्याऐवजी सर्किटमधूनच काढून टाकता येते, आणि जेथे ती काढता येते तेथे ती काढावीच.

तपासणीबद्दलही आपण विचार करत असालच. कोरडी मोटर ओळखणे, फेजचा क्रम तपासणे, पुन्हा सुरू करण्यापूर्वी थांबणे हा सारा तर्क थराच्या वर आल्यावर त्याला चिपची गरज राहत नाही. फ्रीआरटीओएसचा पॉझिक्स पोर्ट वापरून तो साध्या लिनक्स संगणकावर चालवता येतो आणि शेतातून आणलेल्या करंटच्या नोंदी त्याला खाऊ घालता येतात. दर बदलानंतर ही तपासणी आपोआप व्हावी. वेळेशी संबंधित गोष्टी मात्र संगणकावर सिद्ध होत नाहीत. त्यासाठी चारही बोर्ड एका फळीवर कायमचे बसवून ठेवावेत, तिन्ही फेजचे संकेत एका सिग्नल जनरेटरने द्यावेत, आणि फेज तोडल्यापासून रिले सुटेपर्यंतचा वेळ प्रत्येकावर मोजावा. जी०वर हा वेळ मोजताना त्याच क्षणी आरएस-४८५वर पूर्ण गतीने वाहतूक चालू ठेवा, कारण सर्व इंटरप्ट थोपवले जाण्याचा परिणाम तेव्हाच दिसेल. जी०वरचा आकडा मर्यादेच्या जवळ आला, तर फेज तुटल्याचे ओळखण्याचे काम इंटरप्टमधून काढून टायमरच्या कॅप्चर आणि डीएमएकडे (प्रोसेसरला न थांबवता वेळ टिपणाऱ्या आणि माहिती हलवणाऱ्या हार्डवेअरकडे) द्यावे लागेल. तसे झाल्यास मोजमापाच्या इंटरफेसमध्ये ‘आताचे मूल्य द्या’ याऐवजी ‘मागील एका सायकलची मूल्ये द्या’ असा बदल करावा लागेल आणि तो चारही ड्रायव्हरांत एकदमच करावा लागेल, म्हणून मोजमापाचा थर लिहायला घेण्यापूर्वी ही चाचणी उरकून घ्या.